पित्ताची गोळी आणि रक्ताची गुठळी

पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या उशाशी आज औषधांचा एक डबा हमखास आढळतो. त्यात साखरेची गोळी असते, रक्तदाबाची असते आणि सर्वांत वर, सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची म्हणून, पित्ताची कॅप्सूल असते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला आहे, ज्याची झडप बदललेली आहे किंवा ज्याच्या नाडीचा ठेका बिघडला आहे, त्याच्या डब्यात आणखी एक गोळी असते. घरातील सर्वजण तिला 'रक्त पातळ होण्याची गोळी' म्हणतात. ही गोळी गंभीर आणि पित्ताची क्षुल्लक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गंभीर गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बदलीत नाही. क्षुल्लक गोळी मात्र शेजाऱ्याच्या अनुभवावरून, दुकानदाराच्या शिफारशीवरून किंवा 'मागच्या वेळी हिनेच बरे वाटले' एवढ्या आधारावर सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालू राहते. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल ही शंकाच कोणाच्या मनाला शिवत नाही. वस्तुतः तो संबंध आहे, आणि काही रोग्यांच्या बाबतीत तो जिवाशी निगडित आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'रक्त पातळ होणे' हा वाक्प्रचार दिशाभूल करणारा आहे. या औषधांनी रक्त दुधात पाणी घातल्यासारखे पातळ होत नाही. त्याची गोठण्याची प्रवृत्ती तेवढी कमी होते. ती कमी करण्याचे मार्गही भिन्न आहेत. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही औषधे रक्तातील बिंबिकांना, म्हणजे ज्यांना सर्रास प्लेटलेट्स म्हटले जाते त्यांना, एकमेकींस चिकटू देत नाहीत. स्टेंट बसविलेल्या रोग्यांस प्रामुख्याने ही दिली जातात. वॉरफरिन आणि आपल्याकडे त्याहूनही अधिक परिचित असलेले असेनोकुमारॉल यांचे कार्य यकृतात चालते. 'के' जीवनसत्त्वाच्या साह्याने तेथे तयार होणारी गोठणद्रव्ये ती औषधे रोखून धरतात. कृत्रिम झडप बसविलेल्यांना ती आयुष्यभर घ्यावी लागतात. गेल्या दीड दशकात डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अॅपिक्साबान ही तिसरी पिढी आली. ती गोठणद्रव्यांवर थेट आघात करते. रोग्याच्या लेखी या साऱ्या गोळ्यांचे नाव एकच. आपली गोळी कोणत्या घराण्यातील आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पित्ताच्या औषधाशी तिचे पटेल की नाही, हे मात्र नेमके त्या घराण्यावरच अवलंबून असते.

पित्ताच्या औषधांचेही तसेच आहे. चघळण्याच्या गोळ्या व पांढरे पातळ औषध जठरातील तयार आम्ल मारतात. फॅमोटिडिनसारखी औषधे आम्ल तयार होण्याची आज्ञाच अडवितात. आणि ज्यांच्या नावाचा शेवट 'प्राझोल' असा होतो ती ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही मंडळी आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद पाडतात. आज विक्रीत आणि रोग्यांच्या विश्वासात या शेवटच्या गटाचेच राज्य आहे. त्यांच्या नावापुढे 'डी' हे अक्षर लागले की त्यात मळमळ थांबविणारे आणखी एक औषध मिसळलेले असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या औषधांनी मानवजातीवर उपकार केले आहेत हे विसरून चालणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी जठरव्रणाच्या रोग्याला पथ्य, दूध आणि अखेर शस्त्रक्रिया एवढाच मार्ग होता. जठराचा काही भाग कापून टाकणे ही नित्याची गोष्ट होती. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन बाजारात आले आणि ते चित्र पालटले. त्यामागे जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे संशोधन होते. हृदयविकारावरील प्रोप्रानोलॉल हे औषधही ब्लॅक यांचेच, आणि या दोन्ही कामांची दखल घेऊन त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. हृदय आणि जठर यांचा विचार एकाच बुद्धीने केल्याचे हे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल. पुढे वैद्यकाच्या शाखा इतक्या विभागल्या की हृदयाचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा आणि त्या दोघांची गाठ रोग्याच्या फायलीखेरीज कोठेही पडत नाही, अशी स्थिती झाली.

सिमेटिडिनच्या उदयानंतर तीन वर्षांतच, १९७९ साली, एक अडचण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली. वॉरफरिन घेणाऱ्याला सिमेटिडिन दिले की वॉरफरिनचा प्रभाव वाढतो आणि रक्तस्रावाची भीती निर्माण होते. कारण यकृतात सापडले. पोटात गेलेल्या बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृतातील विशिष्ट विकरांकडून लागते. सरकारी कचेरीतील खिडकीची उपमा येथे चपखल बसते. दोन अर्जदारांचे काम एकाच खिडकीवर असेल आणि पहिल्याने कारकुनाला अडवून धरले, तर दुसऱ्याचा कागद पुढे सरकत नाही. वॉरफरिनचा कागद म्हणजे जणू त्याच्या निरोपाचा आदेश; तो अडकला की औषध शरीरातच रेंगाळते, साठते आणि ठरल्यापेक्षा अधिक जोराने काम करते.

परंतु क्लोपिडोग्रेलची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि सगळा गोंधळ येथेच होतो. क्लोपिडोग्रेल गोळीच्या रूपात निष्क्रिय असते. यकृतातील खिडकीवर त्याच्यावर शिक्का बसल्यानंतरच त्याला बिंबिकांवर अधिकार चालविता येतो. पोटात गेलेल्या औषधापैकी बराच मोठा भाग तर वाटेतच निकामी होतो. शिक्क्यापर्यंत पोहोचतो तो थोडाच. हा शिक्का मारणारे जे महत्त्वाचे विकर, शास्त्रज्ञांच्या भाषेत 'सीवायपी २सी१९', त्यालाच ओमेप्राझोल आणि त्याचे भावंड इसोमेप्राझोल अडवून धरतात. परिणामी क्लोपिडोग्रेल शरीरात असूनही त्याचे सामर्थ्य घटते. एकाच प्रकारच्या अडवणुकीतून एका औषधाच्या बाबतीत रक्तस्राव संभवतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत गुठळी. 'पित्ताची गोळी चालते की नाही?' या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर का देता येत नाही, ते यावरून ध्यानात यावे.

या प्रकरणाचा पुढील इतिहास बोधप्रद आहे. २००८ साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेतील चाचणीतून दाखविले की ओमेप्राझोल सोबत घेणाऱ्यांत क्लोपिडोग्रेलचा बिंबिकांवरील परिणाम लक्षात येण्याजोगा कमी होतो. १७ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही दोन औषधे एकत्र टाळावीत असा इशारा दिला. युरोपच्या औषध नियामकांनी प्रथम 'प्राझोल' गटातील साऱ्याच औषधांविषयी सावधगिरी सांगितली होती. मार्च २०१० मध्ये त्यांनी ती ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या दोहोंपुरती मर्यादित केली. त्याच महिन्यात अमेरिकेने क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकात चौकटीतील इशारा घालावयास लावला. जन्मतःच ज्यांच्या यकृतातील ते विकर दुर्बळ असते, त्यांना हे औषध पुरेसे लागू पडत नाही, असा त्याचा आशय होता. अशा व्यक्तींचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांत शेकडा २ च्या आसपास, तर चिनी वंशाच्या लोकांत शेकडा १४ च्या आसपास असल्याचे अमेरिकी माहितीपत्रकात नमूद झाले. दक्षिण आशियातील लोकांतही ते युरोपीयांहून अधिक आहे. ज्याची खिडकी मुळातच अर्धी उघडी, तीवर आणखी एक अडवणूक करणारा बसविण्यापूर्वी भारतीय डॉक्टराने दोनदा विचार केला पाहिजे, तो एवढ्यासाठी.

तथापि प्रयोगशाळेतील आकडा आणि माणसाच्या आयुष्यातील घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० सालीच 'कोजेंट' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या ३,७६१ रोग्यांपैकी काहींना ओमेप्राझोल आणि काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली होती. १८० दिवसांत पोटातील रक्तस्राव, व्रण आदी घटनांचे प्रमाण ओमेप्राझोल न घेणाऱ्यांत शेकडा २.९, तर घेणाऱ्यांत शेकडा १.१ एवढे आढळले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटनांचे प्रमाण ओमेप्राझोल घेणाऱ्यांत वाढलेले दिसले नाही, ते ४.९ होते, तर न घेणाऱ्यांत ५.७. मग इशारा खोटा ठरला काय? तसे म्हणण्याची घाई संशोधकांनीही केली नाही. पुरस्कर्त्या कंपनीचा पैसा संपल्याने ही चाचणी नियोजित मुदतीआधीच थांबवावी लागली होती. तिच्यातील कॅप्सूलमध्ये दोन्ही औषधे एकत्र होती आणि तिची घडण नेहमीच्या गोळ्यांहून निराळी होती. हृदयाला होणारा लक्षणीय अपाय या आकड्यांवरून निश्चितपणे नाकारता येत नाही, असे त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. हृदयाच्या औषधावरील महत्त्वाचा प्रश्न कंपनीच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून अर्धवट राहावा, यातून औषधसंशोधनाच्या आजच्या व्यवस्थेविषयी जो काय बोध घ्यावयाचा तो सुज्ञांनी घ्यावा.

दोन्ही बाजू तोलून पाहिल्या की व्यवहारापुरता निर्णय अवघड नाही. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला आम्लशामक औषधाची खरीच गरज असेल, तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल वगळून पँटोप्राझोलसारखे, त्या विकरावर कमी परिणाम करणारे औषध निवडता येते. पर्याय उपलब्ध असताना धोक्याची जोडी कायम ठेवण्यास समर्थन उरत नाही. येथे एका लोकप्रिय उपायाचाही निकाल लावला पाहिजे. 'एक सकाळी घ्या, एक रात्री घ्या, म्हणजे झाले' असे सांगण्याची पद्धत आहे. दोन औषधांच्या वेळांत अंतर ठेवून ओमेप्राझोलचा हा परिणाम टळत नाही, असे अमेरिकी प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. घड्याळाकडे पाहून ही अडचण सुटणारी नाही. औषधच बदलावे लागते.

पण या साऱ्या चर्चेचा विपर्यास होऊन 'रक्त पातळ होण्याच्या गोळीबरोबर पित्ताची गोळी घेऊच नये' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अधिक घातक ठरेल. या विषयाची हीच बाजू सामान्य वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचा सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे रक्तस्राव, आणि जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग ही त्याची नेहमीची जागा. अॅस्पिरिन तर जठराच्या अस्तराचे संरक्षणच काढून घेते. अशा वेळी आम्ल कमी करणारे औषध हे जळजळीवरचा उपचार राहत नाही. ते चिलखताचे काम करते. २०१८ साली अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या वैद्यकीय नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांपैकी जे 'प्राझोल' गटातील औषध घेत नव्हते, त्यांच्यात पोटातील रक्तस्रावामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर १०,००० रुग्णवर्षांमागे ११५ होते. घेणाऱ्यांत ते ७६ आढळले. ज्याला पूर्वी व्रण झाला होता, ज्याचे वय झाले आहे, जो सोबत स्टेरॉइड किंवा सांधेदुखीच्या गोळ्या घेतो, अशा माणसाने कुठेतरी काही वाचून वा ऐकून ते चिलखत उतरवून ठेवले, तर त्याच्या हातून जीवघेणी चूक होईल. उलट ज्याला यांतील काहीच लागू नाही, त्याला ती कॅप्सूल आजन्म गिळावयास लावण्यातही शहाणपण नाही.

वॉरफरिन आणि असेनोकुमारॉलचा विषय पुन्हा थोडा निराळा. वॉरफरिनचे मूळच चमत्कारिक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९३३ च्या फेब्रुवारीत, भर हिमवादळात, एक शेतकरी आपले मेलेले जनावर आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त घेऊन तेथील विद्यापीठात पोहोचला. कुजलेला चारा खाऊन त्याची गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरत होती. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य काही वर्षांच्या परिश्रमाने शोधून काढले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. विष आणि औषध यांतील अंतर मात्रेचे असते, हे ज्या औषधाच्या इतिहासातच लिहिलेले आहे, त्याच्या मात्रेत थोडाही फरक पडून चालत नाही. म्हणूनच रोग्याला वेळोवेळी 'पीटी-आयएनआर' तपासणी करावी लागते आणि तो आकडा साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान, काही झडपांसाठी थोडा वर, राखावा लागतो. मेथी-पालकाची भाजी एकाएकी वाढली की तो खाली येतो; एखादे प्रतिजैविक सुरू झाले की वर चढतो. सिमेटिडिन हे या बाबतीतील जुने गुन्हेगार. ओमेप्राझोलचा परिणाम बहुतेकांत सौम्य असतो. तरीही आकडा वाढल्याच्या नोंदी आहेत. सबब पित्ताचे असे औषध सुरू करताना तसेच बंद करताना आयएनआर पाहून घ्यावा, एवढी सावधगिरी पुरते. 'बंद करताना' हे शब्द मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. औषध थांबले की काळजी संपली असे रोगी समजतो. वास्तविक ज्या औषधाच्या संगतीने मात्रा बसविली होती ते निघून गेल्यावर ती मात्रा अपुरी पडू शकते.

भारतात या रोग्यांचे स्वरूपही पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे. तेथे वॉरफरिन घेणारा बहुधा सत्तरीतला असतो. आपल्याकडे लहानपणच्या घसादुखीतून उद्भवलेल्या सांधेतापाने झडपा निकामी झालेले तरुण रोगी मोठ्या संख्येने आहेत. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत बनविलेली भारतीय कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसाच्या हृदयात बसविली गेली, आणि महागड्या परदेशी झडपेचा पर्याय आवाक्यात आला. शस्त्रक्रिया झालेला हा तरुण शेतावर, कारखान्यात, शाळेत कामाला जातो. डबा वेळेवर खात नाही, चहावर दिवस काढतो. त्याला पित्त होणे साहजिक आहे, आणि पित्त झाले की तो तीस-चाळीस वर्षांच्या औषधोपचाराचा विचार करीत बसत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जातो.

नव्या पिढीतील औषधांना तपासणीची कटकट कमी, म्हणून ती सोयीची वाटतात. त्यातही डाबिगाट्रानची एक गंमत आहे. हे औषध शोषले जाण्यास आम्ल लागते. म्हणून त्याच्या कॅप्सूलमध्ये चिंच-द्राक्षांत असते ते टार्टारिक आम्ल मुद्दाम घातलेले असते. याच औषधाने अनेकांना अपचन व जळजळ होते. रोगी जळजळीसाठी पित्ताची गोळी घेतो, आणि पँटोप्राझोलसारख्या गोळीने डाबिगाट्रानचे रक्तातील प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटते. एवढ्या घटीसाठी मात्रा बदलण्याची शिफारस सामान्यतः केली जात नाही. पण ज्याचे मूत्रपिंड, वय, वजन या सर्वांचा हिशेब करून डॉक्टरने मात्रा ठरविली, त्या डॉक्टरला या गोळीचा पत्ताच नसावा, हे योग्य नव्हे. रिव्हारोक्साबान आणि अॅपिक्साबान यांचे शोषण आम्लावर असे अवलंबून नाही.

तर मग दोष कोणाचा? औषधांचा म्हणावा तर त्यांचे गुणदोष पंधरा-सोळा वर्षे छापील रूपात उपलब्ध आहेत. रोग्याचा म्हणावा तर ते अन्यायाचे होईल. औषधाच्या पट्टीवर कंपनीने ठेवलेले नाव ठळक आणि द्रव्याचे नाव बारीक, तेही बहुधा रोमन लिपीत. अशा पट्टीवरून दोन नावांच्या गोळ्यांत एकच द्रव्य आहे हे ओळखण्याची अपेक्षा एखाद्या निवृत्त शिक्षकाकडूनही करता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची कथा सर्वांना परिचित आहे. हृदयरोगतज्ज्ञ आपल्या कागदावर आपली औषधे लिहितो, पोटाचा तज्ज्ञ आपल्या कागदावर आपली, आणि गुडघ्यासाठी गाठलेला तिसरा आपल्या औषधांबरोबर 'गॅस होऊ नये म्हणून' आणखी एक कॅप्सूल जोडून देतो. ही तीनही कागदे एका माणसाच्या पिशवीत असतात. एका माणसाच्या डोळ्यांखालून मात्र जात नाहीत.

अपवाद असावयास हवा होता तो औषधविक्रेत्याचा. तीनही चिठ्ठ्या त्याच्याच गल्ल्यावर येतात. औषध नियमावलीच्या शेड्यूल 'एच' मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज विकू नयेत असा कायदा आहे, आणि 'प्राझोल' गटातील औषधांच्या पट्टीवर तसा इशारा छापलेलाही असतो. प्रत्यक्षात 'पित्तावर काहीतरी द्या' एवढे म्हटले की दहा गोळ्यांची पट्टी हाती पडते. रोग्याला औषधाची माहिती देणे व सल्ला देणे हे औषधनिर्मात्याचे, म्हणजे फार्मासिस्टचे, कर्तव्य असल्याचे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत स्पष्ट नमूद आहे. पण कित्येक दुकानांत भिंतीवरील प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यामागे उभा असलेला दुसरा, ही अवस्था कोणापासून लपलेली नाही. चार वर्षे औषधशास्त्र शिकलेला पदवीधर औषधांच्या परस्परसंबंधांविषयी पुष्कळ जाणतो. समाजाने त्याला पट्ट्या कापून पैसे मोजणाऱ्याच्या पातळीवर आणून ठेवले आहे. पित्ताचे औषध मागणाऱ्याला 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?' एवढा एक प्रश्न विचारण्याची सक्ती झाली आणि उत्तर होकारार्थी असेल तेव्हा ती गोळी पाहिल्याखेरीज काही द्यावयाचे नाही असा दंडक पडला, तरी बराच अनर्थ टळेल. त्यास ना यंत्रे लागतात ना अनुदान.

या प्रश्नाला सरकारने हात घालण्याचे आणखी एक कारण आहे. हृदयावरील उपचार एकेकाळी श्रीमंतांची मिरास होती. महाराष्ट्रात १९९७ ची जीवनदायी योजना आणि तिच्या वारशातून आलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना यांमुळे शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी अल्प उत्पन्नाच्या घरांपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. हे निर्णय स्वागतार्हच होते. त्यांचा परिणाम म्हणून गुठळीविरोधी औषधे घेणाऱ्यांची संख्या खेडोपाडी वाढली, परंतु त्या औषधांसोबत लागणारे ज्ञान शस्त्रक्रिया झालेल्या शहरातच राहिले. रोगी एस.टी.ने गावी परततो तेव्हा त्याच्याजवळ इंग्रजीतील सुटीचा कागद आणि महिन्याभराच्या गोळ्या असतात. पुढे त्याला पाहणारा गावचा डॉक्टर त्या कागदाची पहिली ओळ वाचून उरलेल्याचा अंदाज करतो.

तेव्हा शासकीय योजनेतून स्टेंट किंवा झडप बसविलेल्या प्रत्येकाला रुग्णालयाने खिशात मावेल असे मराठी कार्ड देणे बंधनकारक करावे. त्यावर औषधाचे द्रव्यनाम, ते का दिले, किती काळ घ्यावयाचे, पित्ताचे औषध सोबत द्यावयाचे असल्यास कोणते आणि कधी थांबवावयाचे, कोणते टाळावयाचे आणि शंका आल्यास कोणत्या क्रमांकावर विचारावयाचे, एवढाच मजकूर असावा. किमतीवर मर्यादा घालण्याइतके सामर्थ्य असलेल्या शासनाला एक कार्ड छापून घेणे जड नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. ज्या गावच्या डॉक्टरला रोगी काय काय घेतो हेच माहीत नाही, तो त्या कार्यक्रमाला काय कळविणार?

हे कार्ड येईपर्यंत ज्यांच्या डब्यात दोन्ही गोळ्या आहेत त्यांनी घाबरून यांपैकी काहीही स्वतःहून बंद करू नये. स्टेंट बसविल्यानंतरच्या महिन्यांत क्लोपिडोग्रेल अचानक थांबविल्यास स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तो ओमेप्राझोलच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. डब्यातील सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि गुडघ्याच्या गोळ्यांसह, पिशवीत घालून पुढील भेटीत हृदयाच्या डॉक्टरसमोर ठेवाव्यात. शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले, ओकारीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, उभे राहताच अंधारी येऊ लागली, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण हा निवाडा घरी करावयाचा नसतो. आणि ज्याला एकदा हृदयविकार होऊन गेला आहे त्याच्या छातीतली जळजळ प्रत्येक वेळी पित्ताचीच असते असे नाही. आमसुलाचे सार, सोडा, मग पांढरे औषध, मग कॅप्सूल या क्रमाने तास घालविल्यावर दवाखान्यात पोहोचलेल्या रोग्यांना आपत्कालीन कक्षातील प्रत्येक डॉक्टर ओळखतो.